शेवंताला फुलोऱ्याआधी आणते

॥ श्री ॥
मुक्काम अमडापूर
श्रावण वद्य द्वादशी, शके १८५६

तीर्थस्वरूप सौभाग्यवती झुंबरबाई अक्का यांना धाकट्या भावजयीचा, कोकिळेचा, वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, तुमच्या खामगावच्या घरीही तसंच असावं. रंगरावभाऊजींना नमस्कार सांगा असं लिहिणार होते, पण पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवणार. भाऊजी, मधलं काही गाळू नका. मजकूर कडू लागला तरी अक्षर सुवाच्य आहे, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं आहे.

पाऊस यंदा वेळेवर आहे. पोळा तीन दिवसांवर आला. तुमच्या भावानं बैलांच्या शिंगांना लावायला हिंगूळ आणला आणि निम्मा स्वतःच्या धोतराला लावून घेतला. मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या, तोडणीला बाया मुश्किलीनं मिळाल्या. ज्वारी डोक्याएवढी झाली, पण अजून पोटरीत आहे, कणीस बाहेर पडलं नाही. ते पडायच्या आत हे पत्र तुमच्याकडे पोचलं पाहिजे, म्हणून घाई.

शेवंता आठ वर्षांची झाली. पंधरापर्यंत पाढे म्हणते, सोळाला अडते आणि अडली की मास्तरांवरच रागावते. आज तिची तब्येत ठणठणीत आहे. आज म्हणते ते मुद्दाम. पुढच्या महिन्यात तिला काय होणार ते मला आजच माहीत आहे. आधी शिंका, एकामागून एक वीस-वीस. मग डोळे लाल आणि पापण्या सुजलेल्या. चार दिवसांनी छाती वाजायला लागते आणि पोरगी उशीला टेकून बसून राहते, आडवी होत नाही. दिवाळीच्या आत आपोआप बरी होते. दरवर्षी हेच.

मी काय केलं नाही ते विचारा. अडुळशाचा काढा दिला, ओव्याची पुरचुंडी शेकली, हळद-दूध दिलं. मीठ-मोहऱ्या इतक्या उतरवल्या की चुलीतून धूर निघायचा आणि पोरगी त्या धुरानंच आणखी खोकायची. शेवटी गेल्या आश्विनात तिला खामगावला नेलं, डॉक्टर नारायणरावांकडे. त्यांनी तिची छाती ऐकली, पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि मला विचारलं, "बाई, घर वावराजवळ आहे का?" मी म्हटलं, "मागचं दार उघडलं की ज्वारीच." तर म्हणाले, "एखाद्याला वांगं चालत नाही, अंगावर गांधी उठतात. तसं हिला फुलोऱ्याची धूळ चालत नाही. पोरीत दोष काही नाही."

मला पटलं नाही. फुलाची कुठे धूळ असते, आणि असली तरी ती दिसली असती. पण खामगावात तिसऱ्या दिवशी शेवंताचे डोळे निवळले, छाती वाजायची थांबली. दहा दिवस राहिलो, पोरगी पहिल्यासारखी हुंदडायला लागली. कोजागिरीच्या आदल्या दिवशी गाडीनं परत निघालो. गाव अर्ध्या कोसावर राहिलं, दोन्ही बाजूंनी फुलोऱ्यातली उशिराची ज्वारी लागली, आणि तिला शिंका सुरू झाल्या. मी गाडीतच बसून मोजल्या. सतरा.

घरी आल्यावर मी तिची पाटी धुतली, कोरडी केली आणि संध्याकाळी मागच्या ओट्यावर ठेवली. सकाळी पाहते तर पाटीवर पिवळट भुकटी. बोट फिरवलं तर रेघ उठली. हळदीचं बोट लागावं तसं बोट झालं. मी ती पाटी तुमच्या भावाला नेऊन दाखवली. ते म्हणाले, "मंग ही धूळ तर आपुन सारेच खातो." मी म्हटलं, खातो, पण आपल्याला पचते, तिला पचत नाही.

तर आता सगळं सरळ आहे. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचं औषध दिलंय, धाप लागली तर घ्यायच्या पुड्या दिल्यात. पण ते म्हणाले, खरं औषध एकच, कणसं फुलायच्या आधी पोरीला दूर न्या आणि दाणा भरला की परत आणा. दीड महिना. माझं माहेर बीबीला, तिथे तर ज्वारी अंगणात आहे. तुमच्या गल्लीभोवती सगळा बाजार आणि पलीकडे सरकी काढायच्या जिन-गिरण्या. वावर पाहायचं तर कोसभर चालावं लागतं. डॉक्टरही जवळ. म्हणून शेवंताला तुमच्याकडे ठेवायचं आहे.

मूग वेचणाऱ्या बाया आल्या, उठते. उरलेलं उद्या लिहीन.

त्रयोदशी

कालचं वाचलं. फार शहाणपणाचं झालंय. जणू तुमच्या-माझ्यात काही घडलंच नाही आणि मी दरवर्षीसारखी पापडाची डाळ मागते आहे. फाडून टाकणार होते. मग म्हटलं, राहू दे, माझी अक्कल कुठवर चालते आणि कुठे थांबते ते अक्कांना दिसू दे.

घडलेलं तुम्हाला माहीत आहे. तरी माझ्या हातानं ते लिहायला पाहिजे.

तुम्ही दरवर्षी भाद्रपदाच्या पुनवेला माहेरी यायच्या, शेवंताची भुलाबाई मांडायला. भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी तुम्हीच रंगवायच्या. वावरातून फुलोऱ्यातल्या ज्वारीची पाच धांडी आणून त्यांचा मांडव तुम्हीच उभा करायच्या. गल्लीतल्या पोरी संध्याकाळी गाणी म्हणायला जमल्या की शेवंता तुमच्याच मांडीवर. आणि दरवर्षी, तुम्ही आल्यावर चार-सहा दिवसांत, पोर आजारी पडायची.

शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "आक्का आल्या का पोर पडते, ध्यान दे." त्यांचं नाव घेऊन मी सुटणार नाही. त्या एकदा बोलल्या, मी रोज मनात घोळवलं. तुम्हाला मूल नाही, आणि माझ्या मुलीकडे तुम्ही किती वेळ पाहत बसता, तेच मी मोजत बसले. दोन वर्षांपूर्वी, भुलाबाईच्या सातव्या दिवशी, तुम्ही गुलाबपाण्याची पट्टी घेऊन तिचे डोळे पुसत होत्या. मी पोर तुमच्या मांडीवरून उचलली आणि सगळ्या पोरींसमोर, त्यांच्या आयांसमोर म्हटलं, "तुमी माह्या लेकीकडे पाहू नका, आक्का. तुमच्या डोयानंच तिले बाधते."

तुमचे भाऊ दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा राग त्यांच्यावर करा, माझ्या वाट्याचा मला द्या.

तुम्ही पट्टी वाटीत ठेवली, वाटी कोनाड्यात ठेवली आणि सकाळच्या गाडीनं गेलात. भुलाबाईला महिनाभराचं माहेर असतं, तुम्हाला सातच दिवस मिळाले.

आता गेल्या वर्षीचं. हे तुम्हाला माहीत नाही.

तुमच्यावाचून काही अडत नाही हे गावाला दाखवायला मी भुलाबाई दणक्यात मांडली. तुम्ही पाच धांड्यांचा मांडव करायच्या, मी अकरांचा केला. चांगली लांब, फुलोऱ्यानं लवलेली धांडी मी स्वतः निवडून आणली. मांडव उभा केला तो माजघरात, शेवंताच्या अंथरुणाच्या उशाशी, आजारी पडली तरी पडल्या पडल्या पाहता यावा म्हणून. वरून कणसं तिच्या तोंडावर येत होती. मी चुकते तेव्हाही जोरात चुकते, हे तुम्ही माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षीच म्हणाला होतात.

दुसऱ्या दिवशी पोर शिंकायला लागली. पाचव्या दिवशी छाती वाजली. इतकी कधीच वाजली नव्हती.

आणि अक्का, मी ते लपवलं. तुम्ही तर नव्हत्या. मग दोष कोणाला द्यायचा? पोर आजारी आहे म्हटलं असतं तर माझा शब्द खोटा पडला असता. म्हणून मी दार लोटून तिला आत ठेवलं. कोणी विचारलं तर म्हणायची, धुरानं डोळे लाल झालेत, सर्दी आहे. आठ दिवस. तुमच्या भावालाही सांगितलं, विशेष काही नाही. आठव्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा मी घाबरून ओरडले आणि त्यांनी गाडी जुंपली. माझा शब्द खरा राहावा म्हणून मी माझी लेक आठ दिवस त्या मांडवाखाली ठेवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

खामगावात आम्ही दहा दिवस राहिलो ते माझ्या बापाच्या ओळखीच्या तुळशीराम मास्तरांकडे. तुमच्या घरापासून दोन गल्ल्या. रोज दवाखान्यात जाताना तुमच्या गल्लीचं तोंड लागायचं आणि मी पदर पुढे ओढून पावलं भराभर टाकायची.

कासाराच्या दुकानापुढे तुम्ही आम्हाला दिसलात, ते तुम्ही विसरला नसाल. शेवंतानं "आत्या" म्हणून हाक मारली. तुम्ही वळलात. तुमचा चेहरा इतका फुलला की मला वाटलं, आता धावत येतील. मग तुम्ही पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. आम्ही पुढे जाईपर्यंत तशाच. माझ्या लेकीला तुमची नजर लागू नये म्हणून.

मी शिव्या ऐकायला तयार होते. याला तयार नव्हते.

शेवंतानं विचारलं, "आत्यानं मले ओयखलं नाही का, माय?" मी म्हटलं, "नाही ओयखलं." हेही खोटंच. एक खोटं झाकायला दुसरं, असं माझं वर्षभर चाललं.

आता मी काय केलंय ते ऐका. काल मूग वेचायला नऊ बाया होत्या, सोजराबाई धरून. दुपारी भाकरी सोडल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, "झुंबर आक्कावर मी घेतलेला आळ खोटा होता. पोरीले ज्वारीचा फुलोरा बाधते. मांडव मी केला होता." लपवलेले आठ दिवस मात्र सांगितले नाहीत, तिथं जीभ उचलली नाही. सोजराबाई म्हणाल्या, "आता काऊन हे उकरून राह्यली?" मी म्हटलं, "उकरत नाही, मांगं घेऊन राह्यली. जे चारचौघींत बोललो ते चारचौघींतच मांगं घ्याव लागते." मग त्या बराच वेळ शेंगाच निवडत बसल्या. तुमचे भाऊ वावराच्या धुऱ्यावर, बांधाला उभे होते, त्यांनी ऐकलं. घरी येऊन म्हणाले, "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं." तेवढंच म्हणाले, पण म्हणाले.

शेवंतालाही खरं सांगितलं. आत्यानं तुला ओळखलं होतं, तुझ्यासाठीच तोंड फिरवलं होतं, आणि ते माझ्यामुळे. तिनं मला चार दिवस झोडपायला हवं होतं. तिनं फक्त विचारलं, "मंग आत्या मले पाहीन का आता?" याचं उत्तर तुमच्याजवळ आहे.

मला तुमच्या घरी राहून तिची देखभाल करता येईल. मूग-उडीद दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालता येतील. पण मी राहणार नाही. पहारा ठेवून पोर दिली तर ती दिली असं होत नाही. डोळ्यांचं औषध सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब, ते तुम्हीच घाला. त्यासाठी तिच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहावं लागतं, नाहीतर थेंब गालावर सांडतो.

पोळ्याची कर झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघेल. दिवे लागायच्या आत तुमच्या दारात असू. उत्तर पाठवू नका. नाही म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हणा, गल्लीतल्या बायांना बोलावून म्हणा, मी ओट्याखाली उभी राहून ऐकेन. तुमचा हक्क आहे. मग तुळशीराम मास्तरांकडे सोय होईल, पोर काही उघड्यावर पडणार नाही. तिची दया येऊन हो म्हणू नका.

पण हो म्हणणार असाल तर माझ्याकडे पाहू नका, मला ते सोसणार नाही. तिच्याकडे पाहा. मन भरेपर्यंत पाहा.

मुलीला तुमच्या ओटीत घालायला निघालेली,
तुमच्यावर आळ घेणारी
कोकिळा