काचेतलं काचेत

प्रिय वहिनी,

काल संध्याकाळी तुझ्या खोलीच्या दारात बसून गेले, पण बोलायचं ते राहूनच गेलं. तू पलंगावर मास्क लावून, मी उंबऱ्याशी मास्क लावून, आणि शेजारच्या खोलीत तुझा नवरा, म्हणजे आमचा दादा, कान टवकारून. आपल्या दोघींच्या कानांची कारखान्यातल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसने कधीच वाट लावली आहे, त्यामुळे आपल्याला कुजबुजता येत नाही. आपण हळू बोललो तरी खालच्या मजल्यावर कळतं. म्हणून मी वाफ घे, गोळ्या वेळेवर घे, असलं काहीबाही ओरडून निघाले. तुला वाटलं असेल, नणंद आली आणि सूचना देऊन गेली. नणंदा तेवढ्यासाठीच असतात, असं तूच म्हणतेस.

आधी खात्याची हालहवाल सांगते. प्रेस चालू आहेत. डब्यांच्या झाकणांना मागणी बरी आहे, लोक घरात बसून डबे भरून ठेवताहेत म्हणे. मास्क अजून सक्तीचा आहे. सुपरवायझर गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो, ती त्या धडधडाटात त्याची त्यालाही ऐकू येत नाही, आणि झाकणं करणाऱ्यांच्या तोंडावरच झाकण, हा विनोद तो दर पाळीला नव्याने करतो. आम्ही हसलो की नाही हे त्याला कळत नाही, एवढी एक सोय मास्कने केली.

पहिल्या आठवड्यात काय हाल झाले ते तू पाहिलेसच. इतकी वर्षं आपण त्या आवाजात ओठांवर बोलत आलो. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाच्या सुनेने काय ऐकवलं, ओळीच्या या टोकाची बातमी त्या टोकाला आवाज न करता पोचायची. मास्क आले आणि सगळं खातं हाताची घडी, तोंडावर बोट. साहेबांना वाटलं, बायकांच्या गप्पा थांबल्या, आता माल वाढेल. माल घटला. पत्रा संपला, साचा सरकला, तेल घाल, हे सगळं आपण ओठांनीच सांगत होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग आपण हात आणि भुवया यांची नवी भाषा बसवली. ती अजून कच्चीच आहे. परवा एकीने पत्रा मागितला तर तिला तेलाचा डबा मिळाला.

त्याच कच्चेपणापायी माझा हात जायचा होता. झाकण अडकलं होतं, आणि प्रेस बंद केला आहे असं धरून मी बोटं आत घातली. प्रेस चालू असल्याचा डोक्यावरचा लाल दिवा मला दिसत नव्हता, समोरून तुला दिसत होता. तू हात हलवलेस. मला वाटलं, चहाला चल म्हणतेस, आणि मी मजेत मान डोलावली. मग तू मास्क हनुवटीखाली ओढलास आणि ओठांनी सांगितलंस, हात काढ. मी काढला आणि प्रेस पडला. मास्क उतरवला म्हणून सुपरवायझरने तुला सगळ्यांदेखत झापलं. पुढे तू आजारी पडलीस. तेवढ्यानेच लागण झाली असं मी म्हणत नाही. बस होती, बाजार होता, चहाची खोली होती. पण माझी बोटं जागेवर आहेत, आणि ती कोणामुळे आहेत हे मला माहीत आहे.

मी खात्यात नवी आले तेव्हा ओठ वाचायला तूच शिकवलंस. घरी भांडी घासताना नुसतेच ओठ हलवायचीस, आणि आईला वाटायचं, सुनेला काहीतरी झालंय. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, पण आपलं त्या मोरीत जमलं. ओठ कळायला लागल्यावर तू मला खात्याचा नियम सांगितलास. साहेबांची केबिन काचेची आहे, आत ते काय बोलतात ते आपल्या ओळीला लख्ख दिसतं, आणि हे त्यांना माहीत नाही. म्हणून काचेतलं काचेत. घरी न्यायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, त्यावरून भांडायला तर अजिबात जायचं नाही. एकदा बाहेर फुटलं की काचेवर पडदा लागलाच म्हणून समज. कोणाची खरडपट्टी, कोणाची बढती, साहेबांच्या बायकोचा रुसवा, सगळं आपण पाहिलं आणि अळीमिळी गुपचिळी केली. अलीकडे साहेब केबिनमध्येही मास्क लावून बसतात, त्यामुळे पाळायला नियम होता, पण पाहायला काही उरलं नव्हतं.

मंगळवारी दादा केबिनमध्ये आला. तो येणार हे मला माहीत नव्हतं, तुलाही नसावं. मास्कमध्ये बोलताना जीव गुदमरतो ही त्याची नेहमीची तक्रार, त्यामुळे खुर्ची लांब ओढून त्याने तो खाली घेतला. मी माझ्या प्रेसवर, समोर तो, मध्ये काच. मला मान वळवता आली असती, पण मी वळवली नाही. तो म्हणाला, ती आता कामावर येणार नाही, तिचं नाव काढून टाका, तिनेच सांगितलंय. साहेबांचं बोलणं मास्कमुळे मला दिसत नव्हतं, दादाच्या उत्तरांवरून जुळवलं. तो म्हणत होता, मेसेज केला असेल तिने, कधी येऊ म्हणून विचारलंही असेल, पण तिला कळत नाही. शनिवारपर्यंत कशाला थांबता, मी सांगतोय ना. तिला नळ्या लावलेल्या मी पाहिल्यात, तुम्ही नाही पाहिल्यात. एवढं बोलून त्याने पाठ फिरवली, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. त्याचे खांदे तेवढे हलत होते. बाहेर पडताना त्याने मला हात केला, मीही केला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने ओळीला सांगितलं की शनिवारी सकाळी तू आली नाहीस, तर तुझ्या प्रेसवर दुसरी बाई बसणार.

तू काम सोडलं नाहीस आणि ते सुटत चाललंय, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. दादा वाईट वागला असं मला म्हणायचं नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हा त्याने जिन्यात बसून दिवस काढले, आणि त्याची भीती खोटी नाही. तो माझा सख्खा भाऊ आहे. हे वाचून तू त्याला जाब विचारशील, मग सांगणारी कोण ते त्याला कळेल, आणि तो माझ्याशी बोलणं टाकेल. त्याचा राग किती लांबतो ते आपल्या दोघींना माहीत आहे. काचेतलं मी बाहेर काढलं हे खात्यातल्या बायकांना कळलं तर त्याही तोंड फिरवतील. आईला मी सगळं सांगितलंय. दादा औषधं आणायला गेला की हे तुझ्या हातात देईन, म्हणाली. तुझ्या छातीला काम झेपेल का, ते डॉक्टरांना विचार, मला त्यातलं काही कळत नाही. येणार असलीस तर शनिवारी भोंग्याआधी ये, किंवा अजून थोडे दिवस हवे असतील तर साहेबांना तसा मेसेज कर. येणार नसलीस तर तेही तूच कळव. तू आलीस तर मला फार बरं वाटेल, समोरची जागा रिकामी बघवत नाही. नाही आलीस तर नवीला मी शिकवीन. पण वहिनीने काम सोडलं असं मला कोणाला सांगावं लागलं, तर ते खरं असू दे.

तुझीच,
नणंद