वीट फुटली म्हणून सांगितलं

६ फेब्रु., शुक्र.
ह्यांची मोटारसायकल आज अंगणात आली. ते गेल्यापासून दोन वर्षं गोणपाटाखाली होती. पल्लवी म्हणाली, "आजी, पुढच्या दांड्यांतून तेल गळतंय. सील बदलते, घरीच."
नात माझी, आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकते. वर्गात मुली दोनच. मी आमच्या सगळ्या डिंडोलीला सांगून झाले. हातगाडीवरची भाजीवाली म्हणे, "मग माझ्या लारीचं चाक बघ म्हणावं!" हसू आवरेना.
पण पुढचं चाक काढावं लागेल म्हणाली आणि मी उठून आत गेले.

७ फेब्रु., शनि.
मेथी निवडली. बोटं चालतात तोवर डोकं गप्प राहतं एरवी. आज नाही. रिकाम्या पिंपात नळाची पहिली धार पडते, तो आवाज. आता टाकीचं पाणी आहे, नळाची वेळ कुठली? तरी आला.
लिहूनच टाकते. चार यत्ता काय कामाच्या नाहीतर.
तेव्हा बमरोलीला होतो. ह्यांनी गाडी अशीच दुरुस्तीला घेतलेली, इंजिनाखाली विटा, पुढचं चाक काढलेलं. म्हणाले, "धरी ठेव, सोडू नको." हँडल धरलं होतं मी. शेजारच्या भावनाबेन ओरडल्या, "पाणी आव्युं!" वीस मिनिटं यायचं पाणी. हात आपोआप सुटला. दारापर्यंतही पोचले नव्हते, मागे गाडी कोसळली.
ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते लूमवर कापड विणायचे, तुटलेला धागा बांधायला तीच लागतात. मग कारखान्याच्या गेटवर बसले, वॉचमन म्हणून, शेवटपर्यंत.
सगळ्यांना सांगितलं, "ईट फुटनी." मला घरातसुद्धा कधी त्यावरून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं...
हात बरा झाल्यावर एकदा हाक मारली, "ये, धर." मी मोरीत जाऊन घासलेलीच भांडी घासत बसले.

८ फेब्रु., रवि.
पोरीने घाई म्हणून केली नाही. फरशी सपाट आहे ना बघितलं. गाडी मधल्या स्टँडवर. चाकाचे नट चाक जमिनीला टेकलेलं असतानाच ढिले केले. "वर घेतल्यावर जोर लावला की गाडी डुलते, आजी." मग इंजिनाखाली माझा जेवायचा पाट आणि जॅक, सायलेन्सरला लागू न देता. दोन्ही बाजूंना पट्टे, एक खिडकीच्या गजाला, एक जिन्याच्या कठड्याला. गदागदा हलवून बघितली. मग कुठे हात घातला.
मी आपली हँडल धरून.
"सोड ना. धरायची गरजच नाही."
"असू दे."
"हात दुखतील."
"दुखू दे. तू तुझं कर."
हसली. "आजोबांचं तिथंच चुकलं बघ. विटा कोण लावतं? मी वर्गात त्यांचंच उदाहरण दिलं."
वर्गात! सगळ्यांसमोर! आयुष्यभर हात पाठीमागे लपवून हिंडलेला माणूस.
तोंडातून गेलंच, "त्यांचं नाही चुकलं."
"मग कोणाचं?"
म्हटलं, आधी चाक बसव.

९ फेब्रु., सोम.
पल्लवी सील आणायला पर्वत पाटियाच्या दुकानात गेली. गाडी चाकाविना उभी. कोणी धरलेलं नाही, तरी उभी. एवढं सोपं होतं होय.
दोनदा उठून हात लावून आले.
दुपारी बाजूला कोणी बसल्यासारखं वाटलं. उजवा हात डाव्याखाली झाकून. मी वळून बघितलं नाही. चहा मात्र दोन कप गाळला गेला.

१० फेब्रु., मंगळ.
चाक बसलं. आधी जॅक हळूहळू उतरवला, मग पट्टे. पुढून दाबून दाखवलं, गाडी मऊ खाली गेली आणि वर आली. तेलाचा थेंब नाही. मी मीठमोहऱ्या घेऊन पोरीची दृष्ट काढली, "आजी, काय गं" करत राहिली.
मग चिंधीला हात पुसत समोर येऊन बसली. "बोल आता. कोणाचं?"
काय काय जुळवून ठेवलं होतं मी. सगळं गेलं. एवढंच आलं, "वीट फुटलीच नव्हती, पल्लू."
तिचे पुसणारे हात थांबले.