सात सदरे, एक मंगळवार

प्रिय ताई,

‘प्रिय’ हे सवयीनं लिहिलं गेलंय, आता खोडत नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मग तू भावजींकडून विचारलंस, की धाकटीचं काही बिनसलंय का. बिनसलंय. फोनवर तू बोलायला लागलीस की माझी दातखीळ बसते, म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला कधी धड कळलंच नाही. मी संग्रहालयात ‘फोटो लावते’ असं तू लोकांना सांगतेस. अगं, लावत नाही, त्यांची नोंद करते. डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात एक न दिसणारी चिठ्ठी असते. कॅमेरा कुठला, तारीख कुठली, किती वाजून किती मिनिटं झाली होती, फ्लॅश उडाला की नाही. ती वाचायची आणि उतरवून घ्यायची, हा माझा दिवसभराचा उद्योग. बाबांना कॅमेरा आणून दिला त्या दिवशी मी त्यांना हे सगळं दाखवलं होतं. तू आत कपाट आवरत होतीस आणि ‘चाललं तुम्हा दोघांचं’ म्हणून हसली होतीस. बाबा मात्र हरखून गेले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस! म्हणाले, म्हणजे प्रत्येक फोटोच्या पाठीला घड्याळ बांधलेलंच असतं की. मग रेडिओवरच्या बातम्यांची वेळ धरून त्यांनी स्वतः कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, सेकंदाला सेकंद.

मागच्या महिन्यात वाटलं, बाबांच्या शेवटच्या फोटोंचा एक छोटा अल्बम करावा. तेच, तू मला दर रविवारी मेलनं पाठवलेले. मी नोकरीवर कायम व्हायची होते, सहा महिने रजा मागायची सोय नव्हती, आणि बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय असं तू सांगितलं होतंस. आवाज नाही तर नाही, चेहरा तरी बघ, म्हणून तू फोटो पाठवायचीस. ‘आजचे बाबा.’ एकदा निळ्या सदऱ्यात, एकदा चौकड्यांच्या, एकदा तुझ्या लग्नातल्या. खिडकीशी, पुस्तकांपाशी, दारातल्या खुर्चीवर. मी ते सातही फोटो ऑफिसातल्यासारखे तारखेप्रमाणे लावायला टाकले, आणि सात रविवार एकाच मंगळवारात जाऊन बसले. पहिला दहा वाजून बारा मिनिटांनी, शेवटचा दहा एक्कावन्नला.

आधी मी कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या. घड्याळ बिघडलं असेल म्हटलं. पण ते लावलं होतं कोणी? आणि चौथ्या फोटोत तू कडेचा भाग कापलास ना, तो पुरता गेलाच नाही. फोटो कापला तरी त्याच्या पोटात लपलेली बोटभर प्रत कधीकधी जुनीच, न कापलेली राहते. तीत खुर्चीवर इस्त्री केलेल्या सदऱ्यांची चळत दिसते, आणि तिच्यामागे नळी लावलेली सलाइनची बाटली. मग मी डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे सहज बोलून गेले. घशातली गाठ, त्या मंगळवारनंतर लगेच बुधवारी ऑपरेशन, त्यानंतर बाबा शुद्धीत होते, पण अंथरुणातून उठले नाहीत ते नाहीतच. सात आठवडे! आणि सातव्या फोटोनंतरच्या शुक्रवारी तू मला रडत सांगितलंस, ‘अचानक गेले गं.’ अचानक हा शब्द मी सगळ्यांना सांगत फिरले, ताई. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. तुझ्या भल्यासाठीच केलं, नोकरी गेली असती, बाबांनाही तेच हवं होतं. माझं भलं ठरवणारी तू कोण? नोकऱ्या छप्पन्न मिळाल्या असत्या. लहानपणी माझी वेणीसुद्धा तूच घालायचीस, घट्ट ओढून, आणि दुखतंय म्हटलं की म्हणायचीस, दुखत नाहीये. अगदी तसंच केलंस बघ.

चार दिवस मी बाबांवरही चिडले होते. सदरे बदलायला तेही तयार झालेच ना! आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, तिनं माझी झोप उडवली आहे. घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं ते परत पाठवायचे, आठवतं? म्हणायचे, स्वतःला फसवायचं तर खुशाल फसवा, घड्याळाला मध्ये घेऊ नका. कॅमेऱ्याची तारीख सात वेळा बदलायला त्यांना सात मिनिटं लागली नसती. त्यांनी ती बदलली नाही. तुझा शब्द मोडला नाही, पण चिठ्ठी खरी ठेवली. सातही फोटोंत त्यांचा डावा हात छातीशी आहे, मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे करून. मला वाटलं, नवा पट्टा दाखवताहेत. फोटो मोठा करून पाहिलं, तर त्यातली वेळ आणि चिठ्ठीतली वेळ मिनिटाला मिनिट जुळते. दिवसभर परक्यांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या मला बाबांची चिठ्ठी उघडून बघायचं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तेव्हा भांडायला म्हणून बसले असले, तरी हे पत्र एवढंच विचारायला आहे, आणि एकदा तरी मला खरं सांग. रविवारी फोटो पाठवून झाला, की माझं उत्तर काय आलं असं बाबा तुला खुणेनं विचारायचे का? तू त्यांना ते वाचून दाखवायचीस का? कारण मी काय लिहिलं होतं ते काल सगळं काढून पाहिलं. सातही वेळा मी फक्त सदऱ्याबद्दल लिहिलंय.

तुझीच,
धाकटी