खालची बाग

बेटावरनं,
१४ एप्रिल २०२४

आक्कास श्रेयांसचा जय जिनेंद्र.

मी हितं खुशाल हाय, तुमी समदी तितं खुशाल असाल. एवढं लिवल्याशिवाय त्याला पत्र म्हणत न्हाईत, म्हणून लिवलं. तू फोन सोडलास, त्यामुळं बी.कॉम.च्या पेपरात लिवलं नव्हतं तेवढं मला आता लिवावं लागालंय. तुजं पत्र नागेंद्रनं फोटो काढून धाडलं. ह्याचा पण मी फोटो धाडतो, तो बोरगावात झेरॉक्सच्या दुकानात छापून तुज्या हातात आणून देईल. (नागेंद्रा, तू वाचालायस ते मला कळालंय. चुलतभाऊ हायस, पोस्टमन हो, मास्तर होऊ नको.)

तू जे विचारलंयस त्याचं उत्तर मी सगळ्यात खाली लिवणार. आधीच खाली बगू नको.

आधी माजं काम ऐक. अव्वाला मी सांगितलंय, समुद्रात झाडं लावतो. ती बसदीत दर्शनाला आलेल्या समद्या बायकांना तेच सांगती. परवा फोनवर विचारते, "तितं पाणी गाळून पितोस न्हवं?" म्हटलं, "अव्वा, मी अख्खा समुद्र गाळत बसू व्हय?" तर म्हणाली, "पिण्यापुरतं तरी गाळ."

तर ती झाडं न्हवंत, जीव हाईत. प्रवाळ. पर लावायची रीत अगदी आपल्या उसाची. लाटेनं तुटून पडलेला तुकडा उचलायचा, तळाशी लोखंडी सांगाडा ठेवलाय त्याला बांधायचा, आन् रोज उतरून भोवतीचं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं घासायचं. आपण उसाच्या कांडीला म्हणतो तसं मी त्या तुकड्याला टिपरं म्हणालो. आता पूर्णिमा मॅडम पण टिपरंच म्हणत्यात. मॅडम म्हंजे आमच्या मुख्य, म्हैसूरच्या. आमी कन्नडात बोलतो. त्या म्हणत्यात, "श्रेयांस, तुझं कन्नड ऐकलं की वाटतं, बस निपाणी सोडून पुढं आलीच न्हाय."

पयल्या आठवड्यातली गंमत सांगायची राहिली. पाण्याखाली बोलता येत न्हाय, समदं हातानं. मी खाली गेलो, मासे बगून येडाच झालो, मॅडमना अंगठा दाखवला, लई भारी म्हणून. त्यांनी मला धरून वर आणलं. परत खाली गेलो, परत अंगठा, परत वर. तिसऱ्यांदा बोटीवरचा दादा म्हणाला, "हा पोरगा आजारी हाय काय?" मग कळालं, पाण्याखाली अंगठा म्हंजे 'मला वर न्या'. बरं हाय म्हणायचं तर बोटाचा गोल करायचा. आपल्यात बरं हाय म्हणायला कोण गोल करतंय?

सकाळी हवेच्या टाक्या बोटीवर चढवायच्या, टिपरी घासायची, दुपारी पर्यटकांना घेऊन उतरायचं. त्यांच्या पैशावर आमची बाग चालती. पुण्याच्या एका काकांना मी सांगितलं, खाली एक मासा हाय, बायकोशी खोटं बोललेल्यालाच चावतो. बिचाऱ्यांनी पाण्याखाली काकूंचा हात एकदा सोडला न्हाय. वर आल्यावर काकू म्हणाल्या, लग्नानंतर पयल्यांदाच.

गंमत बास.

औंदा पाणी तापलंय. उतरलं की गार वाटायचं, आता आंघोळीच्या बंबातलं वाटतंय. पाणी तापलं की प्रवाळ रंग टाकतं, पांढरंफेक पडतं. लगेच मरत न्हाय. पांढरं पडून वाट बगत बसतं, पाणी निवलं तर जगतं, न्हाय तर गेलं. पर्यटक वर आल्यावर म्हणत्यात, "वॉव, काय सुंदर पांढरं!" मी बोटाचा गोल करून दाखवतो.

म्हणून आमी एक केलं. जी टिपरी अजून तपकिरी हुती, रंग न टाकलेली, ती सांगाड्यासकट उचलून खोल नेली, जितं पाणी जरा गार हाय. तिला आमी खालची बाग म्हणतो. मॅडम म्हणाल्या, ही जगली तर पुढच्या वर्षी ह्यातनंच समदं परत लावायचं. बियाणं म्हण की. दुसरं काय उरलेलं न्हाय.

आता तुला आवडंल असं एक सांगतो. मॅडमना ठावं न्हाय.

हितं एक काटेरी तारामासा असतो, ताटाएवढा, अंगभर विषारी काटे. मी त्याला काट्या म्हणतो. तो प्रवाळावर बसतो, पोट तोंडातनं बाहेर काढतो आन् बसल्या जागी जिवंत प्रवाळ खातो. एरवी थोडे असले तर चालतंय, पर औंदा लई झालेत. मला काम दिलं, एकेकाला सुईनं व्हिनेगर टोचायचं. दोन दिवसात विरघळून मरतो. मी सुई घेऊन उतरलो. पयल्याच्या पुढं गेलो आन् हात उचलंना. मी निघताना तू काय म्हणालीस, "श्रेयांस, काय पण कर, जीव मारू नको." आपल्या घरात विंचू निघाला तर अव्वा काय करती? तांब्या पालथा घालती, खालनं पुठ्ठा सारती, बांधावर नेऊन सोडती. मी तेच केलं. चिमट्यानं एकेक काट्या क्रेटमध्ये भरला आन् लांब, वाळूच्या पट्ट्याच्या पलीकडं, मेलेल्या खडकावर सोडून आलो. वर येऊन सांगितलं, टोचले समदे. अख्खा आठवडा हेच करालोय. खूश?

आता तुजं उत्तर.

आप्पांचा फोन आलता. म्हणाले, "अरं, अव्वा व्हय म्हणाली, मी व्हय म्हणालो. घरच्या समद्यांनी व्हय म्हटल्याशिवाय माताजी दीक्षा देत न्हाईत. तुजं एकट्याचं राहिलंय."

मी म्हणालो, "मग राहू दे की."

"थट्टा करू नको रं. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरलाय. हत्ती सांगितलाय मिरवणुकीला."

"हत्तीला सांगा, बोरगाव बगून जा म्हणावं."

आप्पांनी फोन ठेवला.

तू लिवलंयस, मी कुणाला सोडून चालले न्हाय, समदंच सोडालेय, त्यात तू एकटा न्हाईस. हे वाचून बरं वाटावं असं तुला वाटलं व्हय? मी हितं एकेक टिपरं बांधून धरालोय आन् तू तितं बांधलेलं एकेक सोडालीस. माजं उत्तर न्हाय. माजी परवानगी न्हाय. मोठ्या अक्षरात लिवलंय, माताजींना दाखव.

तुजा भाऊ, आन् तसाच राहणार,
श्रेयांस


बेटावरनं,
४ मे २०२४

आक्का,

जय जिनेंद्र. खुशाल न्हाय.

खालची बाग गेली.

मधी समुद्र खवळला हुता, बोट काढता आली न्हाय. निवल्यावर मी आन् मॅडम उतरलो. लांबनं सांगाडे दिसले तवा मला वाटलं, टिपरी फुटून वाढलीत, एवढे गच्च भरलेले. जवळ गेलो तर काट्या. सांगाड्यावर दाटीवाटीनं, एकाच्या अंगावर एक, लग्नाच्या पंगतीला बसल्यागत. ते खात पुढं सरकलेले, मागं समदं पांढरं. मीच वाळूपलीकडं सोडलेले. तितं त्यांना खायला काय नव्हतं, म्हणून वाळू तुडवत आले. सगळ्या समुद्रात जिवंत असं हे एकच उरलं हुतं, आन् मी त्यांना त्याच्याच जवळ नेऊन सोडलं. खालच्या बागेपासनं ती जागा किती लांब, मी कधी मोजून बगितलंच न्हाय. माज्या डोक्यात लांब म्हंजे बोटीपासनं लांब.

विंचू बांधावर सोडला की तो परत घरात येत न्हाय असं आपण धरून चालतो. कुणी त्याच्या मागं जाऊन बगितलंय?

वर आल्यावर मॅडमनी मास्क काढला. त्यांना वाटलं, हे नवीन आले असतील. मी सांगून टाकलं. म्हणालो, "मॅडम, मी टोचलेच न्हाईत."

त्यांनी माज्याकडं बगितलं. शिव्या देतील म्हणून मी वाट बगत हुतो. बोटवाला दादा पण इंजिन बंद करून बसला. मग त्या म्हणाल्या, "हातात सुई होती ना?"

"व्हय."

"मग?"

"आमच्यात मारत न्हाईत."

मग म्हणाल्या, "श्रेयांस, खालचं पाणी पण तापालंय. तुझ्यामुळं आज मेलं, न्हाय तर जूनमध्ये मेलंच असतं."

समजूत घालायला म्हणाल्या का खरं म्हणाल्या, मला कळालं न्हाय. विचारायचा धीर झाला न्हाय. माज्यामुळं गेलं असलं तर मी नालायक, एवढंच. पर त्यांचं खरं असलं तर ते लई वाईट. मग घासलेलं, बांधलेलं, खोल नेलेलं, सगळं फुकट. मला नालायकच राहू दे वाटतंय.

पुढचं तुला सांगायचं नव्हतं. सांगतो. मी सुई घेऊन परत उतरलो. मॅडम म्हणाल्या, "आता कशाला? राखायचं काय उरलंय?" मी ऐकलं न्हाय. एकेकाला टोचलं. सगळ्यांना. बागेसाठी न्हाय, बाग संपलेली. रागानं टोचलं. त्यांचा काय दोष हुता? भूक लागली म्हणून आले. ते टोचल्यावर हळूहळू लुळे पडतात, आक्का. वर येऊन ताट घेतलं, डाळभातच हुता, गेला न्हाय.

तू हे वाचून म्हणशील, माज्या बोलण्यामुळं झालं. तसं धरू नको. जीव मारू नको म्हणालीस ते बरोबरच हुतं. मॅडम टोचा म्हणाल्या ते पण बरोबरच. तरी बाग गेली. कुणावर घालावं म्हटलं तर माज्याशिवाय माणूस सापडंना, आन् पाण्याला तर कोण काय म्हणणार?

मॅडम म्हणाल्या, "बहिणीच्या दीक्षेला जाऊन ये, हितं आता काय काम हाय?" हाय की. रिकामे सांगाडे वर काढायचेत. मी येणार न्हाय. काम हे निमित्त. खरं सांगू? तुजे केस हातानं उपटून काढतील, समदा मांडव हात जोडून बसंल, अव्वा पदर तोंडात धरून बसंल, आन् मला ते बगवणार न्हाय. मी कायतरी वेडंवाकडं बोलीन, लोक हसतील, आन् तुज्या आयुष्यातला तेवढा एक दिवस मी नासवीन. एवढे दिवस नासवले, हा राहू दे.

माजी परवानगी हाय.

मला तुजं समजलंय म्हणून न्हाय. काय समजलेलं न्हाय. निपाणीत शाळेत शिकवत हुतीस, पोरं जीव टाकत हुती तुज्यावर, तरी तुला हेच का पायजे, मला अजून कळत न्हाय. पर मी धरून ठेवलेलं काय राहत न्हाय, हे बगितलं. तुला अडवून ठेवलं तर तू घरात राहशील, जेवशील, हसशील पण, आन् आतनं पांढरी पडून वाट बगत बसशील. ते मला ओळखता येतंय आता. रोज बगतोय.

माताजींना सांग, भावानं स्वतःच्या अक्षरात लिवलंय. आप्पांना सांग, हत्तीला येऊ दे.

पत्रात तू माज्याकडं क्षमा मागितलीस, दीक्षेच्या आधी समद्यांकडं मागतात तशी. मला काय द्यावी कळंना. तू माजं काय वाईट केलंस? तरी रीत म्हणून दिली. मी तुज्याकडं मागत न्हाय. मारलेल्यांची क्षमा तू देऊ शकत न्हाईस, आन् ज्यांची मागायची ते विरघळले.

आता एकच. अक्षय्य तृतीयेनंतर तुजं नाव बदलणार. मी कधी समोर आलोच तर लांबनं हात जोडून "वंदामि माताजी" म्हणायचं, आन् तू मोरपिसांची पिंछी उचलून मला बाकीच्या लोकांसारखाच आशीर्वाद द्यायचा. नजर पण जास्त थांबवायची न्हाय. नियम हाय, मला ठावं हाय. म्हणून जे म्हणायचं ते हितंच म्हणून घेतो.

आक्का. आक्का गं. आक्का.

अक्षय्य तृतीयेपर्यंत तुजा भाऊ,
श्रेयांस