मी अडवलेल्या गोधड्या

प्रिय कुंदा,

तुझा फोन मोहनने माझ्याकडे आणून दिला. "ताई, हे मला उघडवत नाही," एवढंच तो म्हणाला आणि चहालाही न थांबता निघून गेला. काल सकाळी त्या फोनवर तुझ्या आफ्रिकेतल्या मैत्रिणीचा, थांडीचा, संदेश आला. तिकडे थंडी जवळ आली आहे, तिच्या खोलीत या वर्षी बायका आणि मुलं जास्त आहेत, गोधड्या पाठवता येतील का, असं तिने विचारलं आहे. शेवटी लिहिलं आहे, 'कुंदा, तू इतकी गप्प का?'

तू गेल्याला महिना झाला, हे तिला कोण सांगणार? उत्तर देण्याआधी मागचा मजकूर पाहावा, म्हणून मी वाचत गेले. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे मला कळतं. तरी वाचली. जे वाचलं, त्यानंतर थांडीला लिहिण्याआधी तुला लिहिणं मला भाग आहे.

मोहनच्या कंपनीने त्याला आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या त्या शहरात दोन वर्षांसाठी धाडलं, तेव्हा तू कुंपणाच्या आतल्या बंगल्यात सुखाने राहशील अशी माझी समजूत होती. तू मात्र शहराबाहेरच्या पत्र्याच्या वस्तीत जाऊ लागलीस. घरातून हाकललेल्या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी थांडी तिथे एक मोठी खोली चालवत होती. परत आल्यावर तू म्हणालीस, "वन्सं, आपल्या भोसरीतल्या खोल्यांसारख्याच खोल्या हो! फक्त इथे पत्रा तापतो, तिथे गारठतो. आणि तिथली थंडी आपल्या आषाढात."

"आफ्रिकेत कसली थंडी?" असं विचारून मी हसले होते. तुला आठवतं?

तू हसली नाहीस. भोसरीच्या बायका जमवल्यास. लातूरकडच्या शेवंताबाई कंपनीच्या कॅन्टीनमधली पहिली शिफ्ट संपवून यायच्या आणि बाकीच्यांना धावदोरा घालायला शिकवायच्या. गेल्या वर्षीच्या चैत्रात तीस गोधड्या तयार झाल्या. चाकणहून सुट्या भागांचा कंटेनर निघणार होता, त्यात मोहनने एक कोपरा मिळवला होता. आपल्या महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून कागदावर सही तेवढी माझी हवी होती.

मी सही केली नाही.

आपल्या मंडळाचा नियम मीच लिहिलेला. पुराच्या वेळी लोकांनी फाटके सदरे आणून टाकले, तेव्हापासूनचा: वापरलेलं वस्त्र मदत म्हणून द्यायचं नाही. गोधड्या जुन्या लुगड्यांच्या होत्या. म्हणून त्या नियमात बसत नव्हत्या. नवं कापड आणू, दिवाळीपर्यंत सुबक दुलया शिवू, असं मी सुचवलं. आषाढाचं तू सांगितलेलं मी ऐकलं होतं, कुंदा. पण एका हिवाळ्यापेक्षा मला तत्त्व मोठं वाटलं.

शेवंताबाईंनी माझ्यासमोर गोधडी पसरली. "चिंध्या म्हनू नका, बाई. ह्यो काठ माझ्या आईच्या लुगड्याचा हाय. नव्या कापडाला ऊब नस्ती, ते निस्तं टोचतंय."

तू म्हणालीस, "वन्सं, आपल्यात तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुन्यातच गुंडाळतात. तुम्हालाही गुंडाळलं असेल."

"घरातल्याला दिलेलं जुनं ही माया असते," मी म्हणाले, "आणि परक्याला दिलेलं जुनं ही भीक."

"मग ते परके आहेत, हे कुणी ठरवलं?"

आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवलं. सिद्ध करायची गोष्ट आधीच गृहीत धरणं हा दोष शेकडो मुलींना दाखवून दिला. तू तो माझ्यात एका वाक्यात दाखवलास आणि मी काय केलं? बैठक संपल्याचं जाहीर केलं! त्या आठवड्यात कंटेनर गेला. गोधड्या मंडळाच्या कपाटात राहिल्या. किल्ली माझ्याकडे होती.

आषाढात थांडीचं पत्र आलं. तू ते माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचून दाखवलंस. पांघरुणं पुरेनात, म्हणून बायकांनी पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवले आणि दार लावून घेतलं. धुराने एक आई आणि तिचं चार महिन्यांचं मूल गेलं.

तेव्हा मी काय बोलले, तेही इथे लिहिते. मी म्हणाले, "गोधड्या पोहोचल्या असत्या, तर कोळसे पेटलेच नसते, असं निश्चित म्हणता येत नाही."

तू कागदाची घडी घातलीस. "खरं असेल, वन्सं. पण आता ते त्या बाईला विचारता येणार नाही." आणि चपला घालून निघालीस.

का नाही भांडलीस? मोहनला का नाही सांगितलंस? मी तुझ्या शांतपणाला समजूतदारपणा म्हटलं. श्रावणात मी सही केली. गोधड्या पोहोचल्या, तेव्हा तिकडे झाडांना पालवी फुटत होती. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. नंतर तुझं आजारपण आलं, आणि औषधांच्या वेळांखेरीज बोलायला दुसरं उरलंच नाही.

काल मला कळलं, की तू बोलली होतीस. माझ्याशी नव्हे, थांडीशी. 'उशीर माझ्यामुळे झाला. नव्या कापडाचा हट्ट मी धरला. क्षमा मागायचं तोंड मला नाही.'

अकरा दिवस तिचं उत्तर नव्हतं. मग आलं: 'ती आई एकोणीस वर्षांची होती. मला तुझा राग येतो. काम मात्र थांबवू नकोस.'

त्यानंतर ती कामापुरतंच लिहीत राहिली. पूर्वीसारखा मुलांचा खोडकरपणा नाही, तुझ्या पोह्यांची आठवण नाही. तुझ्या मैत्रिणीने तुझ्याशी तुटक वागावं, हे तू आठ महिने सोसलंस. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून असताना सोसलंस! मला वाचवायचा अधिकार तुला कुणी दिला होता? मला वाचवण्याची गरज होती, हेही तू मला न विचारताच ठरवलंस. हे लिहितानासुद्धा मी तुझ्यावर आरोप करते आहे, बघ.

आज शेवंताबाई येऊन गेल्या. तू अंथरुणावरून शिवून घेत होतीस त्या बावीस गोधड्या तयार आहेत. आणखी हव्या आहेत. दारातच थांबून म्हणाल्या, "कुंदाताईंची लुगडी कुनाला दिली न्हाईत ना? न्हाई म्हंजे, इचारलं."

मोहनला विचारून मी तुझं कपाट उघडलं. रोजच्या वापरातल्या साड्या त्यांनी निवडल्या. रेशमी बाजूला ठेवल्या. "असल्यानं ऊब येत न्हाई," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची बी द्याल का एखादी?" मी दोन दिल्या. नेसून विरलेल्या. नियमाची वही आज मी उघडली नाही. ती बैठकीत उघडेन, आणि ते कलम मी लिहिलं तसं मीच खोडेन.

कंटेनर पुढच्या सोमवारी निघतो. कागदावर सही झाली आहे.

राहिलं थांडीचं उत्तर. तुला वचन देते: हे पत्र संपलं, की तिला दोन्ही गोष्टी लिहीन. तू गेलीस, ही एक. आणि तिने आठ महिने जिच्यावर राग धरला, ती तू नव्हतीस, ही दुसरी. कारणं देणार नाही. नियम कसा झाला, ते सांगणार नाही. मी पाठवलेली गोधडी तिला नको असेल, तर तो तिचा अधिकार आहे. कदाचित ती उत्तरच देणार नाही. दिलं, तर ते माझ्या नावाने येऊ दे.

तुझी वन्सं,
विमल