सायलीच्या नावावर माझा गुडघा

३ जाने.
सावंतवाडी, कबड्डी शिबिर. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत कॅमेरे. अंगाला काही चिकटवायचं नाही, नुसतं खेळायचं. कॅमेरा अंतर मोजतो, कॉम्प्युटर आपल्या जागी काड्यांची माणसं काढतो, प्रत्येकीच्या डोक्यावर नाव. कुणाचा गुडघा वाकडा पडतो तेही कळतं म्हणे. माझा डावा गुडघा दिवाळीपासून दुखतोय, कुणाला बोलले नाही. संघात जागा एकच उरलीय. मी, नाहीतर सायली. ती बांद्याची, माझ्याच खोलीत.
तारकर्लीहून आईचा फोन. "देवळात गाऱ्हाणां घातलंय. तुजी निवड होतली गो बाय."

५ जाने.
चाचणी. मी चढाईला. सायलीने घोटा धरला, बाकीच्या अंगावर. ढीग सुटला नि पडद्यावर बघते तर माझ्या काडीवर सायलीचं नाव, तिच्यावर माझं! गर्दीत कोण कुठली ते कॅमेऱ्याला कळलंच नाही. पुढे सगळी चाचणी तशीच. शिबिराच्या सरांची पडद्याकडे पाठ होती. सांगायला निघाले, नि अर्ध्यातून परत फिरले.

६ जाने.
सर म्हणाले, "सायली, डावा गुडघा धोक्यात आहे. विश्रांती." तिला गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला. संघात मी.
"सर, माज्या गुडघ्याक काय्येक झाला नाय!"
"कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?"
आई फोनवर रडली, नारळ फोडणार म्हणाली. देवाने ऐकलं ते हे असं?

७ जाने.
जिन्यात डावा गुडघा लचकला. कठडा धरला म्हणून वाचले. उद्या सामना. मैदानात मोडला तर कायमची घरी. सरांना सांगावं तर आजच घरी. सायली जेवताना समोर बसली, मी ताटातच बघत होते. चोराच्या मनात चांदणं. भीती वाटते. खूप.

८ जाने., सकाळ
सायली तो पट्टा घेऊन आली.
"माका ह्येचो काय उपेग? तूच बांध."
विचारलं, "कधीपासून ठावक आसा तुका?"
खाली बसून तिनेच बांधला, घट्ट. बरोबर डाव्या गुडघ्याला. मग दारात जाऊन उभी राहिली. अजून तिथेच आहे.
बाहेर सर नावं घेतायत. माझं दोनदा झालं. मी लिहीतच बसलेय.