बाराचे आकडे

३ नोव्हेंबर

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी, पौड मागे टाकून एसटी माले गावाकडे वळली तेव्हा. तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेजवर लाथ मारली, घरच्यांची बोलणी खाल्ली, ते सगळं त्या एका वळणावर पुसलं गेलं. समोर कापणीला आलेलं भात आणि पलीकडच्या टेकाडावर, कॉलेजात मला सीनियर असलेल्या अपेक्षाच्या वडिलांचा बंगला. ती सध्या तिथूनच ऑफिसचं काम करते. मी इथली नोकरी का धरली, हे मालकांना, किशोरदादांना, सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

दादा इथलेच, जमीनवाले. बंगल्यांच्या बागांत प्रत्येक झाडापाशी सेन्सरची एक काडी खोचतात. ती मातीचा ओलावा मोजते आणि मोबाइलवर झाडाचा चेहरा दिसतो, हसरा नाहीतर सुकलेला. तक्रारी मी घ्यायच्या. राहायला ऑफिसमागची खोली, जेवण दादांच्या आई चंद्राबाईंच्या हातचं. आज पिठलं, भाकरी, नव्या तांदळाचा भात. मजा आहे आपली.

५ नोव्हेंबर

दुपारी बांधावर जेवलो. कापणीच्या सगळ्या बाया शेताकडे पाठ करून बसलेल्या. मी तोंड करून बसलो, तर चंद्राबाईंनी खांदा धरून फिरवलं. बाराला रानाकडं बघत न्हाईत, म्हणाल्या. त्या टायमाला ज्याचं रान हाय त्यो फेरी मारतोय, आपण मधी डोळं घालू नये. मी म्हटलं, रान तर किशोरदादांचं. बाया खो खो हसल्या. एक म्हणाली, कागदावर हाय की.

परत आलो तर पहिली तक्रार अपेक्षाची! ॲपमध्ये हसरा चेहरा, फाटकाजवळची जास्वंद हिरवीगार, आणि हात लावला तर अलगद वर आली. खाली एकही मूळ नाही. मी फोन केला. आवाज ओळखताच तिनं विचारलं, इथेही पाठलाग? मग म्हणाली, तुमचे चेहरे नकोत, न गाळलेले आकडे द्या.

७ नोव्हेंबर

आकडे बघितले. दादांचा प्रोग्रॅम दुपारच्या बाराच्या सगळ्या नोंदी काढून टाकतो आणि मधली फट गुळगुळीत भरून देतो. विचारलं तर म्हणाले, उन्हानं चुकीचं आकडं येत्यात. मी म्हटलं, मग चुकीचे म्हणून दाखवा, लपवता कशाला? लोकांची झाडं, लोकांचे पैसे. तर म्हणाले, गिऱ्हाइकाला चेहरा पुरतो, तू फोन उचल.

डोकं फिरलंय. ती तिकडे मला खोटारडा समजतेय आणि हे मला फोन उचलायला सांगतायत.

८ नोव्हेंबर

दादा पुण्याला गेले आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांना कच्चे आकडे उघडून दिले. वर ठळक लिहिलं, हा तुमचा हक्क आहे. शंभरावर गिऱ्हाइकांपैकी उघडून पाहिलं ते एकटीनं. लोकांना हसरा चेहराच हवा असतो, च्यायला.

तिचा मेसेज आला. थँक्स. एवढाच. मी तो किती वेळा वाचला, ते लिहीत नाही.

१० नोव्हेंबर

तिनं स्क्रीनशॉट पाठवला. बाराला कण्हेरीचा आकडा एकदम शून्य, मग पुन्हा होता तेवढा. लगेच शेजारचा मोगरा शून्य, पुन्हा पहिल्यासारखा. मग पायरीजवळचं लिंबू.

शून्य म्हणजे सुकी माती नव्हे. काडीभोवती मातीच नाही. कुणीतरी एकेक झाड उपटतंय, बघतंय आणि परत लावतंय. तिला मात्र वायरिंगचा दोष वाटतो. रोज बाराला लॅपटॉपसमोर बसणार म्हणाली.

संध्याकाळी दादांना कळलं. मला वाटलं ओरडतील, तर मटकन खाली बसले. म्हणाले, "आरं, आमी बाराला पाठ फिरवतो ना, तेच मी त्या प्रोग्रॅममदी लिवलं हुतं. बघणाऱ्याकडं त्यो जातोय. त्याला वाटतं, बोलावलंय."

मी हसलो. दादा हसले नाहीत.

११ नोव्हेंबर

आज सुरुवात व्हरांड्यातल्या कुंडीपासून. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतला कढीपत्ता.

घरात आलंय.

आकडे बंद केले. तासाभरात तिचा मेसेज आला: वाटलंच होतं. कॉलेजात मी कुणाशी बोलायचं ते तू ठरवायचास, आता काय बघायचं तेही तूच ठरवणार? काड्या तिनं थेट स्वतःच्या लॅपटॉपला जोडल्यात. मला ब्लॉक केलंय.

खरं सांगायला गेलो तर मी वेडा, नाही सांगितलं तर—

१२ नोव्हेंबर

दादांच्या फोनवरून बोललो. म्हटलं, फक्त बाराला बघू नकोस, बाकी वाटेल ते कर. म्हणाली, जिन्यातला पाम आज शून्यावर गेला, किती मस्त पॅटर्न आहे. जिन्यानंतर एकच झाड उरतं. तिच्या खोलीतला मनीप्लँट.

चंद्राबाईंना विचारलं, परत लावलेलं जगतं का? त्या म्हणाल्या, दिसाया हिरवंच दिसतंय.

१३ नोव्हेंबर

तिच्या बंगल्यावरून, मोबाइलवर लिहितोय.

दारातच सगळं सांगून टाकलं, तरी आत घेतलं तिनं. म्हणाली, ये, तुझ्या डोळ्यांदेखत सिद्ध करते. खोलीतल्या मनीप्लँटच्या कुंडीतली काडी उपसली आणि मुठीत घट्ट धरली. पडद्यावर बासष्ट. हाताचा घाम. आता मातीच नाही, बघू कोण उपटतंय, म्हणाली. मी लॅपटॉप मिटायला धावलो, तिनं ढकललं.

बारा.

शून्य.

मी पडद्याकडेच बघत होतो. मान वर करायची हिंमत—

पुन्हा बासष्ट.

मग तिचा आवाज. "सिधू, बस ना. किती वाट बघायला लावलीस."

सिधू. तिनं कधीच नाही. या एका हाकेसाठी मी कॉलेज, घर, सगळं—

तिनं हात पुढे केला. मी धरला.

वजन नाही. जरा ओढला तर ती सगळीच अलगद—

सोडला.

हसतेय. मघाचा राग कुठंच नाही. मी म्हटलं, अपेक्षा, मला शिव्या घाल. एकदा घाल. ती नुसती हसतेय.

उठलो. मागे मागे सरकत बाहेर आलो. दार ओढून घेतलं. आतून लाडात म्हणतेय, जाऊ नकोस, मला तू हवायस.

कडी घालतोय. दाराशी पावलांचा आवाजच नाही, तरी ती अगदी—